नाशिकचा तरुण हॉकीपटू हॉकी इंडिया लीगसाठी तयार आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर, सिन्नर आणि देवळाली परिसरातील खेळाडू, त्यांचे पालक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक यांच्याकडून मला जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांचा रोख एकच असतो: मूल चांगले खेळते, मग आता पुढे काय? उत्तरे शक्यतो स्वतंत्रपणे वाचता यावीत अशी लिहिली आहेत. जेथे एक विषय दुसऱ्यात मिसळतो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॉकी इंडिया लीग म्हणजे नेमके काय? ती राष्ट्रीय स्पर्धेपेक्षा वेगळी कशी?

ही फ्रँचायझी संघांची व्यावसायिक स्पर्धा आहे. २०१३ मध्ये ती सुरू झाली, २०१७ नंतर खंडित झाली आणि सात वर्षांनी, २०२४-२५ च्या हंगामात, पुरुषांच्या ८ संघांसह पुन्हा उभी राहिली. महिलांची लीग त्याच हंगामात, जानेवारी २०२५ मध्ये, रांचीत पहिल्यांदाच झाली. राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडू आपल्या राज्याकडून किंवा रेल्वेसारख्या खात्याकडून उतरतो. लीगमध्ये मात्र संघ त्याला लिलावात विकत घेतो, आणि त्याच्या शेजारी व समोर ऑलिंपिक खेळलेले बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रेलियाचे खेळाडू असतात. खरा फरक येथेच पडतो. नियम तेच असतात, पण विचार करायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो.

२. महाराष्ट्राचा स्वतःचा संघ आहे का?

पूर्वी मुंबईचे संघ होते. प्रथम मुंबई मॅजिशियन्स आणि नंतर दबंग मुंबई हे संघ लीगमध्ये खेळले, आणि दबंग मुंबईने २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली. २०२४-२५ मध्ये लीग नव्याने सुरू झाली तेव्हा तिच्यात महाराष्ट्राचा संघ नव्हता. त्यामुळे ‘आपल्या संघाकडून आधी संधी मिळेल’ ही आशा धरता येत नाही. नाशिकच्या मुलाला ओडिशा, पंजाब किंवा बंगालच्या संघाने निवडावे लागेल, आणि त्या संघाला त्याचे गाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही.

३. एकूण जागा किती असतात आणि त्यांतल्या तरुणांसाठी किती?

२०२४-२५ च्या रचनेप्रमाणे प्रत्येक संघात २४ खेळाडू होते. त्यांत ८ परदेशी आणि १६ भारतीय होते, आणि या १६ मध्ये किमान ४ ज्युनिअर असणे बंधनकारक होते. पुरुषांच्या ८ संघांचा हिशेब केला तर भारतीयांसाठी १२८ जागा होतात आणि त्यांतल्या ३२ ज्युनिअरसाठी राखीव ठरतात. उरलेल्या जागांवर भारतीय संघाच्या शिबिरातील खेळाडूंचा पहिला हक्क असतो. म्हणजे त्या हंगामात संपूर्ण देशातल्या ज्युनिअर मुलांसाठी खात्रीची दारे ३२ होती. हा आकडा मी पालकांना सर्वप्रथम सांगतो, कारण ‘जिल्ह्यात पहिला’ आणि ‘देशात पहिल्या बत्तिसात’ यांच्यामधले अंतर त्यामुळे डोळ्यांना दिसते.

४. आमचा मुलगा तयार आहे हे ओळखायचे कसे?

गोल मोजून हे कळत नाही. आंतरशालेय सामन्यात चार गोल करणारा मुलगा बहुतेक वेळा केवळ पायाने वेगवान असतो, आणि त्या वयात तेवढे पुरते. वरच्या पातळीवर सगळेच वेगवान असतात. तेथे फरक पडतो तो चेंडू काठीला लागण्यापूर्वी खेळाडूने काय पाहिले आणि काय ठरवले, यामुळे.

मी एक साधी पद्धत वापरतो आणि पालकांनाही ती करून पाहायला सांगतो. वही-पेन घेऊन मैदानाच्या कडेला बसावे आणि दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता फक्त आपल्या मुलाकडे पाहावे. पास येत असताना त्याने मान वळवून खांद्यावरून मागे पाहिले तर वहीत एक उभी रेघ ओढावी, आणि न पाहताच चेंडू घेतला तर शून्य लिहावे. गेल्या हिवाळ्यात एका अत्यंत गुणी सेंटर हाफच्या (मधल्या फळीतल्या खेळाडूच्या) पानावर बारा पासांमागे तीन रेघा आणि नऊ शून्ये जमली होती. त्याचा खेळ पाहून प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, कारण चेंडू घेतल्यावर तो दोन-दोन जणांना चकवत होता. पण आधी मागे पाहिले असते, तर त्या दोघांना चकवण्याची वेळच आली नसती. लीगमध्ये तो दुसरा माणूस चकत नाही. तो चेंडू घेऊन जातो.

दुसरी खूण म्हणजे चेंडू गमावल्यानंतरची पहिली तीन पावले. मुलगा हात वर करून पंचाकडे पाहतो की लगेच वळून परत धावतो? तिसरी खूण शेवटच्या पंधरा मिनिटांची. सामना ६० मिनिटांचा, चार भागांचा असतो आणि खेळाडू सतत आत-बाहेर होतात, त्यामुळे चौथ्या भागात उतरणाऱ्याकडून पहिल्या भागासारखीच धाव अपेक्षित असते. चौथी खूण शिस्तीची आहे. हिरव्या कार्डाला दोन मिनिटे आणि पिवळ्या कार्डाला किमान पाच मिनिटे संघ एका माणसाने कमी होतो, आणि थकलेला तरुण बचावपटू नेमका अशाच वेळी पायावर काठी मारून बसतो. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यानंतर भारताने ४० मिनिटांहून अधिक वेळ दहा जणांनिशी किल्ला लढवला आणि शूट-आउटमध्ये ब्रिटनला हरवले. तो सामना मुलांना पुन्हा दाखवावा, पण दहाच्या दहा जण चेंडूशिवाय कोठे उभे आहेत हे पाहण्यासाठी.

या चारही गोष्टी ज्युनिअर राष्ट्रीय पातळीच्या सामन्यांत टिकत असतील, तर मुलगा तयारीच्या जवळ आला आहे असे मी म्हणतो. केवळ शहरातल्या सामन्यांत टिकत असतील, तर अजून काहीच सिद्ध झालेले नाही.

५. मुलगा मुरुमाच्या मैदानावर शिकला आहे. टर्फची (कृत्रिम गवताच्या मैदानाची) सवय किती दिवसांत होते?

हात शिकलेले असतील तर सवय लवकर होते. मात्र पहिले दिवस फार कठीण जातात आणि निवड चाचणी नेमकी त्याच दिवसांत आली तर चांगला मुलगा वाया जातो. म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

मुरुमावर चेंडू खड्याला लागून उडतो. त्यामुळे आपली मुले काठी थोडी उभी धरायला, शेवटच्या क्षणापर्यंत थांबायला आणि मनगट सैल ठेवायला शिकतात. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू उडत नाही आणि त्याचा वेग कमीही होत नाही. तो जमिनीला चिकटून सरळ येतो. आमच्याकडच्या एका मुलाला पहिल्यांदा पुण्यातल्या बालेवाडीच्या टर्फवर नेले, तेव्हा सुरुवातीचे तीन पास त्याच्या काठीखालून सरकून गेले. तो प्रत्येक वेळी काठीचे पाते उलटून पाहत होता, जणू काठीलाच भोक पडले आहे. त्याला फक्त एवढेच सांगितले, की डावा हात पुढे घे, गुडघे वाक आणि काठी जवळजवळ आडवी लाव. सहाव्या सत्रापर्यंत त्याचे ट्रॅप, म्हणजे चेंडू काठीवर अडवणे, बसू लागले. परंतु रिव्हर्स बाजूचा (काठी उलटवून डावीकडे करायचा) खेळ, लांब पल्ल्याचे स्लॅप पास (जमिनीलगत जोरात मारलेले पास) आणि हवेतून येणारा चेंडू उतरवणे या गोष्टींना एक पूर्ण हंगाम गेला.

मुरुमाने दिलेली देणगीही मोलाची असते. उडत्या चेंडूवर शिकलेल्या मुलांचे हात मऊ असतात आणि गर्दीत, विशेषतः ‘डी’मध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात), चेंडू विचित्र उसळला की ती गोंधळत नाहीत. तेव्हा मुरुमाला कमी लेखू नये. फक्त चाचणीपूर्वी किमान सहा-आठ सत्रे टर्फवर व्हायलाच हवीत. त्यासाठी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पुण्याला सुमारे २१० किलोमीटर जावे लागले किंवा सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर उतरावे लागले, तरी तो खर्च नव्या काठीच्या खर्चापेक्षा आधी करावा.

६. लीगसाठी कमीत कमी वय किती असावे? सोळा-सतराव्या वर्षी कोणी खेळले आहे का?

लहान वयात यश मिळाल्याची उदाहरणे आहेत, आणि ती नीट वाचली पाहिजेत. मनदीप सिंग २०१३ च्या पहिल्या हंगामात अठराव्या वाढदिवसाच्या सुमारास रांची ऱ्हायनोजकडून खेळला आणि त्याने १० गोल केले. लगेचच तो भारतीय संघात आला. इटारसीचा विवेक सागर प्रसाद २०१८ मध्ये अठरा पूर्ण होण्यापूर्वीच भारताकडून उतरला. पण मनदीप जालंधरच्या ज्या वातावरणात वाढला, तेथे मुले शाळेत असतानाच मोठ्यांमध्ये खेळतात, आणि विवेक सागर अकादमीत राहून रोज वरच्या पातळीचा सराव करत होता. वय लहान होते, अनुभव लहान नव्हता. आपल्या मुलाचे वय विचारण्यापूर्वी त्याने आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या खेळाडूंविरुद्ध किती सामने खेळले, हे मोजावे.

७. जन्मदाखल्यावरचे वय एक-दोन वर्षांनी कमी दाखवले तर ज्युनिअरमध्ये जास्त काळ खेळता येईल, असा सल्ला मिळाला आहे. काय करावे?

हा सल्ला देणाऱ्याला मुलापासून दूर ठेवावे. ही फसवणूक आहे. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय तपासण्याची पद्धत भारतीय क्रीडाक्षेत्रात रूढ आहे, आणि पकडल्यावर बंदीचा डाग मुलाला लागतो, सल्लागाराला लागत नाही.

८. मुलगा अंगाने बारीक आहे. तो धक्के सोसेल का?

हॉकीत अंगावर जाणे हा नियमानुसार फाउल आहे, त्यामुळे वजनाची चिंता वाटते तेवढी खरी नसते. खरी चिंता मांड्या, कंबर आणि पाठीचा खालचा भाग यांची असावी, कारण संपूर्ण खेळ वाकून चालतो. उंची झपाट्याने वाढत असलेल्या मुलावर जड वजनांचा आणि शेकडो ड्रॅग-फ्लिकचा (चेंडू काठीने ओढून गोलकडे भिरकावण्याच्या फटक्याचा) मारा केला, तर कण्याच्या हाडाला ताणाची चीर पडण्याचा धोका असतो. पाठदुखी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर तेल लावून खेळवू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

तंदुरुस्तीसाठी यो-यो चाचणी सर्वत्र वापरतात. २० मीटर जाऊन परत यायचे, दहा सेकंद सावरायचे आणि प्रत्येक टप्प्याला वेग वाढवायचा, असे तिचे स्वरूप आहे. ती कोठल्याही मोकळ्या मैदानावर घेता येते. नाशिकच्या मुलांना दमसासाची प्रेरणा शोधायला दूर जायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले, ते याच जिल्ह्याच्या चढ-उतारांवर घडलेल्या पायांनी. मात्र हॉकीसाठी लांब पल्ल्याच्या संथ धावेपेक्षा छोट्या, तुटक आणि पूर्ण ताकदीच्या धावा अधिक उपयोगी पडतात.

९. माझा मुलगा ड्रॅग-फ्लिक अप्रतिम मारतो. एवढ्या एका कौशल्यावर जागा मिळेल का?

लिलावात लक्ष वेधले जाईल, परंतु मैदानात टिकण्यासाठी ते पुरत नाही. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात जुगराज सिंगने हॅटट्रिक केली आणि बंगाल टायगर्सने हैदराबाद तुफान्सला ४-३ असे हरवले. त्या लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू, ७८ लाखांना गेलेला हरमनप्रीत सिंग, हाही ड्रॅग-फ्लिकरच. पण हे दोघे प्रथम बचावपटू आहेत. पेनल्टी कॉर्नर (फाउलबद्दल मिळणारी, ड्रॅग-फ्लिक मारण्याची संधी) मिळेपर्यंत त्यांना समोरच्या आघाडीपटूला अडवावे लागते. शिवाय प्रत्येक संघात असा एखादा ज्येष्ठ किंवा परदेशी फ्लिकर असतोच, त्यामुळे तरुणाला पहिला फटका क्वचित मिळतो. त्याने कॉर्नरवर चेंडू आत ढकलणे आणि बचावाच्या वेळी पहिला रशर (फ्लिकरवर धावून जाणारा बचावपटू) म्हणून धावणे शिकून घ्यावे. ही कामे करायला फार कोणी उत्सुक नसते, आणि म्हणूनच त्यांतून जागा मिळते.

१०. गोलरक्षकालाही हेच निकष लागू होतात का?

नाही. गोलरक्षक उशिरा पिकतो. पी. आर. श्रीजेशने २००६ मध्ये भारताकडून पदार्पण केले, पण संघाचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक व्हायला त्याला पुढे अनेक वर्षे लागली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पॅरिसचे कांस्यपदक घेऊन तो निवृत्त झाला. संघात एकच गोलरक्षक खेळतो, आणि तो आघाडीपटूसारखा पाच-पाच मिनिटांसाठी उतरवता येत नाही. म्हणून अठरा वर्षांच्या गोलरक्षकाने लीगच्या जागेपेक्षा सामन्यांची संख्या वाढवण्याकडे लक्ष द्यावे.

११. मी मुलगी आहे आणि माझे वय १७ आहे. माझ्यासाठी मार्ग सोपा आहे की अवघड?

२०२५ च्या महिला लीगमध्ये ४ संघ होते, म्हणजे प्रश्न ३ मधला हिशेब निम्मा होतो: भारतीयांसाठी ६४ जागा, त्यांतल्या १६ ज्युनिअरसाठी. जागा कमी आहेत, पण खालून येणारी रांगही लहान आहे, आणि महाराष्ट्राच्या मुलींनी अलीकडे ती रांग मोडून दाखवली आहे. सातारा जिल्ह्यातून वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. एखाद्या ग्रामीण भागात चांगला प्रशिक्षक, क्रीडा प्रबोधिनीची (राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राची) निवड आणि घरच्यांचा होकार एवढे जुळले तर काय होते, ते तेथे दिसते. नाशिक जिल्ह्यात हे का होऊ नये, हा प्रश्न मला खरोखर सतावतो. मुलींच्या बाबतीत आपल्याकडे नववी-दहावीतच खेळ थांबवला जातो, नेमका त्या वर्षी जेव्हा खेळ उमलायला लागतो. तू सतरा वर्षांची होईपर्यंत खेळत राहिलीस, हीच मोठी गोष्ट आहे. प्रश्न ४ मधली वहीची पद्धत मैत्रिणीकडून करून घे आणि ज्युनिअर राज्य संघाची चाचणी चुकवू नकोस.

१२. लिलावापर्यंत पोहोचायचा रस्ता कोणता?

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी जातात. त्यांना समांतर हॉकी संघटनेच्या सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनिअर राष्ट्रीय स्पर्धा असतात, आणि लीगचे प्रशिक्षक पाहतात त्या प्रामुख्याने या स्पर्धा व भारतीय ज्युनिअर संघाची शिबिरे. खेळाडूची हॉकी इंडियाकडे नोंदणी असणे आवश्यक आहे. २०२४ च्या लिलावात मूळ किमतीचे २, ५ आणि १० लाखांचे गट होते. नवोदिताने सर्वांत खालचा गट निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

१३. निवड झाली, पण सगळे सामने बाकावर बसून काढावे लागले तर हंगाम वाया गेला असे समजायचे का?

येथे माझे मत बहुतेक पालकांपेक्षा वेगळे आहे. लीग महिनाभराची असते. त्या महिन्यात रोजचा सराव जगातल्या उत्तम खेळाडूंबरोबर होतो, आणि सरावात बेल्जियमच्या मिडफिल्डरच्या मागे धावून शिकलेले आयुष्यभर पुरते. तेवढ्यासाठी बाकावर बसणे परवडते.

न परवडणारी गोष्ट निराळी आहे. ‘लीगचा खेळाडू’ ही ओळख मिळाल्यानंतर काही मुले उरलेले अकरा महिने लहान स्पर्धा टाळू लागतात, दुखापतीच्या भीतीने राज्याच्या सामन्यांतून माघार घेतात आणि पुढच्या लिलावाची वाट पाहतात. अठरा ते एकवीस या वयात सामने हेच अन्न असते. १८९५ पासून कोलकात्यात होणारी बेटन कप, मुंबईची बॉम्बे गोल्ड कप, रेल्वेसारख्या खात्यांच्या संघांच्या स्पर्धा यांत सलग साठ मिनिटे जबाबदारीने खेळायला मिळते. तेव्हा एखाद्या मुलापुढे ‘लीगचा बाक’ आणि ‘रेल्वे किंवा तेल कंपनीच्या संघात वर्षभर नियमित जागा’ असे दोनच पर्याय असले आणि एकाने दुसरा बंद होत असला, तर मी विनासंकोच दुसरा निवडायला सांगेन. सुदैवाने बहुतेक वेळा दोन्ही जमते.

१४. लीग आणि बारावीची परीक्षा एकत्र आली तर?

ती येतेच. २०२५ मध्ये पुरुषांचा अंतिम सामना १ फेब्रुवारीला झाला आणि बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके तर जानेवारीच्या अखेरीपासूनच असतात. करार करण्यापूर्वीच महाविद्यालयाला लेखी अर्ज देऊन प्रात्यक्षिकांची तारीख ठरवून घ्यावी आणि संघालाही ती कळवावी. खेळाडूंना मिळणारे सवलतीचे क्रीडा गुण आणि शासकीय नोकरीतले ५ टक्के आरक्षण या दोन्हींसाठी प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. आरक्षण असले तरी पदाची शैक्षणिक अर्हता लागतेच, म्हणून बारावी सोडू नये.

१५. मुलगा अठरा वर्षांचा नाही. करारावर सही कोणी करायची आणि पैसा कोणाचा?

भारतीय कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीने स्वतः केलेला करार ग्राह्य नसतो, म्हणून पालक किंवा कायदेशीर पालनकर्ता सही करतो. सही करण्यापूर्वी दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण देणार, शिबिरात सहभागी न झाल्यास किती रक्कम कापणार आणि मध्यस्थाचा हिस्सा किती, ही तीन कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत. अज्ञान मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेले उत्पन्न प्राप्तिकरासाठी आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. ते त्याचेच धरतात. त्याच्या नावाने स्वतंत्र बँक खाते आणि पॅन आधीच काढून ठेवावे.

१६. सर्दी-खोकल्याचे औषध किंवा जिमवाल्याने दिलेली पावडर घेतली तर चालते का?

उत्तेजकविरोधी नियमांत ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. प्रतिबंधित पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. घटक न लिहिलेले चूर्ण, उघड्या डब्यातली प्रथिनांची पावडर आणि शेजाऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवरच्या गोळ्या, तिन्ही टाळाव्यात. दम्यासारख्या आजाराचे औषध नियमित लागत असेल तर डॉक्टरांकडून कागदपत्रे करून वैद्यकीय सवलतीबाबत वेळेत चौकशी करावी.

१७. संघाने निवडले आहे, पण आमचे स्थानिक प्रशिक्षक म्हणतात की अजून एक वर्ष थांबा. कोणाचे ऐकावे?

प्रशिक्षकांना कारण विचारावे आणि ते कारण कोणत्या प्रकारचे आहे हे पाहावे. ‘त्याची पाठ अजून बरी झालेली नाही’ किंवा ‘सहा महिन्यांत त्याची उंची तीन इंच वाढली आहे आणि धावताना तोल जातो आहे’ असे शरीराचे कारण असेल, तर थांबावे. लीग पुढच्या वर्षीही असेल. ‘तो घाबरतो’ हे कारण असेल तर मुलाशी एकट्याने, घरातल्या इतरांना बाजूला ठेवून बोलावे, कारण पालकांसमोर मुले होच म्हणतात. आणि कारण एवढेच असेल, की तो गेला तर आपला जिल्हा संघ कमकुवत होईल, तर प्रशिक्षकांचे आभार मानून त्याची बॅग भरावी. मी स्वतः एकदा या तिसऱ्या कारणासाठी एका मुलाला थांबवले होते. त्या वर्षी आम्ही विभागीय स्पर्धा जिंकलो. त्या मुलाला पुन्हा बोलावणे आले नाही.